स्वतःच्या मूळपेशींतला सीसीआर५ कापला, तरी एचआयव्ही का उसळतो?

चतकोर (धागाकर्ता)

सिकल सेलसाठी क्रिस्परने (जनुक कापणाऱ्या तंत्राने) बदललेल्या स्वतःच्याच मूळपेशी परत देण्याच्या उपचाराला २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. कृती ठरलेली आहे: मूळपेशी रक्तात उतरवा, गोळा करा, बाहेर बीसीएल११ए या जनुकाला कात्री लावा, केमोने अस्थिमज्जा रिकामी करा आणि पेशी परत सोडा.

एचआयव्हीत कापायचं जनुक तर आधीपासून माहीत आहे: सीसीआर५, म्हणजे विषाणू पेशीत शिरताना वापरतो त्या दाराचं जनुक. सीसीआर५ च्या दोन्ही प्रती डेल्टा-३२ असल्या, म्हणजे त्यांतली ३२ अक्षरं गळालेली असली, की नेहमीच्या विषाणूला सीडी४ पेशीचं (एचआयव्ही ज्या पांढऱ्या रक्तपेशींत शिरतो त्यांचं) दार उघडत नाही. टिमथी रे ब्राउन यांना ल्युकेमियासाठी बर्लिनमध्ये २००७ आणि २००८ साली अशाच दात्याच्या पेशी दिल्या. २०२० मध्ये ल्युकेमिया उलटून ते गेले, पण एचआयव्ही शेवटपर्यंत परतला नाही. पुढे लंडन, ड्युसेलडॉर्फ, न्यूयॉर्क आणि सिटी ऑफ होप (अमेरिकेतलं रुग्णालय) इथले असेच बरे झालेले रुग्ण आले.

मग बीसीएल११ए च्या जागी सीसीआर५ लिहून तीच कृती का चालत नाही? अडतं ते कात्रीत, मूळपेशींत की आणखी कुठे? आणि प्रत्यारोपणानंतर विषाणू न परतलेल्या जिनिव्हाच्या रुग्णाचा दाता तर साध्या सीसीआर५ चा होता. म्हणजे सीसीआर५ चा मुद्दाच गौण आहे का?

"संशोधन सुरू आहे" हे माहीत आहे. आकडे असतील तर द्या.

---

पेशीपुराण

अडतं ते टक्क्यांत. सिकल सेलमध्ये पाचातली एक मूळपेशी दुरुस्त झाली तरी पुष्कळ काम होतं, कारण दुरुस्त पेशीतून आलेली लाल पेशी जास्त जगते आणि रक्तात तिचं प्रमाण आपोआप चढतं. एचआयव्हीत न कापलेली प्रत्येक सीडी४ पेशी विषाणूचं खाद्य असते. वीस टक्के पेशी वाचवल्या तर उरलेल्या ऐंशी टक्क्यांवर विषाणूचं छान भागतं.

बीजिंगचं उदाहरण घ्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं. एचआयव्ही आणि ल्युकेमिया दोन्ही असलेल्या रुग्णाला दात्याच्या मूळपेशी सीसीआर५ कापून दिल्या. देताना संपादनाचं प्रमाण होतं १७.८ टक्के. त्या रुजल्या, ल्युकेमिया आटोक्यात आला, पण पुढच्या १९ महिन्यांत मज्जेतल्या पेशींत कापलेला सीसीआर५ ५ ते ८ टक्क्यांच्या आसपासच राहिला. एआरटी (एचआयव्ही दाबणाऱ्या रोजच्या गोळ्या) थोडे दिवस थांबवून पाहिली तर चार आठवड्यांत विषाणू वर आला. उपचार सुरक्षित ठरला, पुरेसा नाही.

१७.८ चे ५ ते ८ कसे झाले? सीडी३४ ही खूण असलेल्या सगळ्याच पेशी खऱ्या मूळपेशी नसतात. त्यांतल्या बहुतेक अर्ध्या वाटेवरच्या, काही महिन्यांत संपणाऱ्या असतात. त्या विभाजनाच्या तयारीत असतात आणि सहज कापल्या जातात. आयुष्यभर रक्त पुरवणाऱ्या मोजक्या पेशी झोपलेल्या असतात, त्यांच्यात कात्री कमी चालते. पिशवी भरण्याच्या दिवशी मोजलेला टक्का हा मुख्यतः पहिल्या गटाचा असतो. खरा टक्का सहा महिन्यांनी कळतो.

शिवाय प्रत्येक पेशीत सीसीआर५ च्या दोन प्रती. एक कापून उपयोग नाही, दुसरीच्या जोरावर पेशी रिसेप्टर बनवतेच. प्रत्येक प्रत कापली जाण्याची शक्यता १७.८ टक्के आणि दोन्ही घटना स्वतंत्र धरल्या, तर दोन्ही कापलेल्या पेशी निघतात ३ टक्के. वास्तवात ज्या पेशीत कात्री पोचते तिथे बहुधा दोन्ही प्रती सापडतात, त्यामुळे आकडा याहून बरा येतो. तरी वर्गाचं गणित विसरू नये: प्रतींचं प्रमाण ९० टक्के असेल तेव्हा कुठे पूर्ण सुरक्षित पेशी ८१ टक्क्यांवर जातात.

आता कात्री बरीच सुधारली आहे. दोन गाइड (कात्रीला कापायची जागा दाखवणारे आरएनए) एकदम वापरून प्रयोगशाळेत ९० टक्क्यांच्या वर पोचता येतं. मानवी मूळपेशी रुजवलेल्या उंदरांत हे प्रमाण मुद्दाम खाली आणून पाहिलं तेव्हा नव्वदच्या खाली संरक्षण घसरत गेलं आणि निम्म्याच्या आसपास जवळजवळ उरलंच नाही. उंबरठा इतका वर आहे.

कृतीबद्दल विचारलंत म्हणून थोडं सविस्तर. जी-सीएसएफ (पेशी मज्जेतून रक्तात उतरवणारं औषध) साधारण १० मायक्रोग्रॅम प्रति किलो रोज, चार-पाच दिवस. पेशी कमी उतरल्या तर जोडीला प्लेरिक्साफोर ०.२४ मिलिग्रॅम प्रति किलो. मग अफेरेसिस (यंत्राने रक्तातून पेशी वेगळ्या काढून घेणं), चुंबकी मण्यांनी सीडी३४ पेशी वेगळ्या करणं, आणि एससीएफ, टीपीओ, फ्लट३ लिगँड ही वाढीची प्रथिनं घातलेल्या माध्यमात सुमारे दोन दिवस जागवणं. त्यानंतर विजेचा झटका देऊन कॅस९ प्रथिन (म्हणजेच कात्री) आणि गाइड आरएनए यांची जोडी आत घालायची. प्रथिनच देतात, त्याचं जनुक देत नाहीत, कारण प्रथिन दिवस-दोन दिवसांत विरघळून जातं आणि कात्री आत फिरत राहत नाही. मग गोठवणं, तपासण्या, रुग्णाला बुसल्फान (मज्जा रिकामी करणारं केमो), आणि पेशी परत. किमान २० लाख सीडी३४ पेशी प्रति किलो तरी लागतातच, हाताशी त्याहून जास्त असलेल्या बऱ्या.

चुका बहुतेक त्या दोन दिवसांत होतात. पेशी कमी जागवल्या तर कात्री चालत नाही, जास्त जागवल्या तर मूळपेशीपण जातं आणि त्या रुजत नाहीत. गाइड नीट निवडला नाही तर शेजारचं सीसीआर२ कापलं जातं. ही दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळजवळ आहेत आणि अक्षरांत जुळी म्हणावीत इतकी सारखी आहेत. दोन्हीकडे काप पडला की मधला तुकडाच गळतो. तो साध्या पीसीआरमध्ये दिसतही नाही, कारण प्रायमरला धरायची जागाच गेलेली असते.

---

उपरणे

पेशीपुराण यांच्याशी सहमत, पण एक मोठी गोष्ट राहिली: बुसल्फान.

बुसल्फान मज्जेतल्या मूळपेशी मारतं, प्रौढ टी पेशींना मात्र फारसा धक्का लावत नाही. सिकल सेलमध्ये हे चालतं, कारण रोग मज्जेतून येणाऱ्या लाल पेशींत आहे. एचआयव्हीचा दडलेला साठा (गोळ्या चालू असतानाही पेशींत झोपून राहिलेला विषाणू) नेमका त्या प्रौढ, स्मृती धरून बसलेल्या सीडी४ पेशींत आहे. म्हणजे मज्जा शंभर टक्के कापलेली दिली तरी जुना साठा जागच्या जागी राहतो आणि जुन्या सीसीआर५ वाल्या सीडी४ पेशीही राहतात. नव्या सुरक्षित टी पेशी यायच्या त्या थायमस या छातीतल्या ग्रंथीतून, आणि मोठ्या माणसाचा थायमस आटलेला असतो. महिने जातात, वर्षंही जातात.

साठा आपोआप झिजेल अशी आशा नको. त्याचा अर्धायुकाल सुमारे ४४ महिने मोजला गेला आहे. दहा लाख पेशींपासून सुरू केलं तर शून्यावर यायला ७० वर्षांहून जास्त लागतात. त्यात या पेशी विभागूनही वाढतात आणि विषाणूचा डीएनए दोन्ही लेकींकडे जातो, एकही नवा विषाणू न बनता.

आता जिनिव्हा. परक्या दात्याच्या प्रत्यारोपणात दोन वेगळी कामं होतात आणि बातम्यांत ती एकात मिसळतात. पहिलं: दात्याच्या टी पेशी रुग्णाच्या उरलेल्या रक्तपेशींना परकं समजून शोधून मारतात. ल्युकेमियासकट साठाही त्यात जातो. दुसरं: दाता डेल्टा-३२ असेल तर जे काही उरलं त्याला नवं घर मिळत नाही. पहिलं काम साठा उपसतं, दुसरं गळती बंद करतं.

पहिल्यावरच भागतं का, याचं उत्तर बॉस्टनच्या दोन रुग्णांनी दिलं. दाते साध्या सीसीआर५ चे. प्रत्यारोपणानंतर रक्त पूर्णपणे दात्याचं झालं, कोट्यवधी पेशी तपासून विषाणू सापडेना. एआरटी थांबवल्यावर एकाला १२ आठवड्यांनी आणि दुसऱ्याला ३२ आठवड्यांनी उसळी आली. म्हणजे चाचणीत न दिसणारा साठाही पुरतो. जिनिव्हाच्या रुग्णात २०१८ मध्ये प्रत्यारोपण झालं, नोव्हेंबर २०२१ मध्ये एआरटी थांबली आणि विषाणू परतला नाही. दाता तसाच, निकाल उलटा. त्याला ग्राफ्ट-विरुद्ध-यजमान विकारासाठी (दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटतात तो) रुक्सोलिटिनिब चालू होतं. ते विषाणूचं जागं होणं दाबतं असं प्रयोगशाळेत दिसतं, पण श्रेय त्याचं की निव्वळ साठा नशिबाने पुरेसा धुतला गेला, हे एका रुग्णावरून ठरत नाही. मधलं उदाहरण बर्लिनचा दुसरा रुग्ण: दात्याकडे डेल्टा-३२ ची एकच प्रत, प्रत्यारोपण २०१५, एआरटी बंद २०१८, विषाणू नाही. त्यामुळे सीसीआर५ गौण आहे असं मी म्हणणार नाही. साठा जितका कमी उपसला जाईल तितकं सीसीआर५ वर ओझं जास्त, आणि स्वतःच्या पेशींच्या कृतीत उपसा जवळजवळ शून्य असतो. म्हणून तिथे नव्वद टक्क्यांचा हट्ट.

उलट बाजू एसेनच्या रुग्णाची. दाता दोन्ही प्रतींनी डेल्टा-३२, तरी विषाणू उसळला. त्याच्याकडे सीसीआर५ ऐवजी सीएक्ससीआर४ या दाराने शिरणारे विषाणू आधीपासून थोडे होते, आणि एआरटी प्रत्यारोपणाच्या आधीच थांबवली होती. नव्या पेशी त्या विषाणूंना आयत्या मिळाल्या. तेव्हापासून धडा पक्का आहे: साठ्यातला विषाणू कोणतं दार वापरतो ते आधी तपासा आणि गोळ्या प्रत्यारोपणभर एक दिवसही सोडू नका. मात्र रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट (इतर औषधांची पातळी वाढवणारे बूस्टर) असलेली गोळी असेल तर आधीच बदलावी. ती टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची रक्तपातळी भलतीकडे नेते. झिडोवुडिनही नको, ते मज्जेलाच दाबतं. बूस्टर नसलेलं इंटिग्रेज-रोधक (विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएत शिरू न देणारं) औषध सोयीचं पडतं.

ज्याला कर्करोग नाही त्याला हे प्रत्यारोपण का देत नाहीत, असं पुढे कुणी विचारेलच. त्यात दहातल्या एखाद-दोघांचा जीव जाऊ शकतो. रोज एक गोळी घेऊन जवळपास सामान्य आयुष्य जगणाऱ्याला ही जोखीम कोण देणार?

---

चतकोर

दोघांचेही आभार, बुसल्फानचा मुद्दा डोक्यातच नव्हता. मग दाराचा नाद सोडून थेट साठ्यालाच कात्री लावली तर? शरीरातच विषाणूचा डीएनए कापणाऱ्या ईबीटी-१०१ या उपचाराचं नेमकं काय झालं? आणि कार-टी पेशी (शिकार ओळखणारा कृत्रिम रिसेप्टर, म्हणजे कार, बसवलेल्या टी पेशी) ल्युकेमिया साफ करतात, तर साठा का नाही?

---

कातरवेळ

ईबीटी-१०१ ची रचना हुशार होती. विषाणूचा डीएनए साधारण ९,७०० अक्षरांचा, आणि त्याच्या दोन्ही टोकांना एलटीआर हा सारखाच पट्टा. त्यामुळे एलटीआरवरचा एकच गाइड दोन ठिकाणी कापतो. दुसरा गाइड गॅग या विषाणूच्या जनुकात. तिन्ही काप पडले तर विषाणूचा मोठा भाग सुटून जातो. एकाच जागी कापणं धोक्याचं असतं: पेशी तो काप जोडताना दोन-चार अक्षरं गाळते किंवा घुसडते, विषाणू कधी कधी त्यातूनही चालू राहतो आणि आता तोच गाइड त्याला ओळखत नाही. कात्रीनेच प्रतिकारक विषाणू घडवला, असा प्रकार.

वाहक एएव्ही९, म्हणजे कात्रीचं जनुक पेशीत नेणारा निरुपद्रवी विषाणू. त्यात सुमारे ४,७०० अक्षरंच मावतात. नेहमीचं कॅस९ एकटंच ४,१०० च्या वर जातं, गाइडना जागा उरत नाही, म्हणून स्टॅफिलोकॉकसमधलं छोटं, सुमारे ३,२०० अक्षरांचं कॅस९ घेतलं. शिरेतून एकच मात्रा.

२०२४ मध्ये निकाल आले. गंभीर दुष्परिणाम नाहीत. तिघांनी एआरटी थांबवली आणि तिघांतही विषाणू परतला. एकाला १६ आठवडे लागले, एरवी बहुतेकांना दोन ते चार लागतात. त्या सोळा आठवड्यांवर फार इमारत बांधू नये. असा कोणताही प्रायोगिक उपचार न घेता नुसत्या गोळ्या थांबवणाऱ्यांतही क्वचित कुणाला इतका वेळ लागतो.

का फसलं ते मोजून बघा. शरीरात सीडी४ पेशी सुमारे २० हजार कोटी. दर दहा लाखांत शंभरेक पेशींत विषाणूचा अखंड डीएनए धरला, तर होतात २ कोटी. ९९ टक्के कापल्या तरी २ लाख शिल्लक. वर्षभर उसळी न येता राहायचं तर साठा सुमारे दोन हजार पटींनी घटायला हवा आणि आयुष्यभरासाठी दहा हजार पटींहून जास्त, असं गणिती प्रारूपांचं उत्तर आहे. म्हणजे २ कोटींतून दोनेक हजारांवर. आता एएव्ही९ शिरेतून दिलं की बहुतांश जातं यकृतात, हृदयात आणि स्नायूंत. लसीका ग्रंथीतल्या झोपलेल्या सीडी४ पेशींपर्यंत पोचतं ते चिमूटभर. मात्रा वाढवावी तर यकृत कुरकुरतं. दुसऱ्यांदा द्यावं तर एव्हाना शरीरात एएव्हीविरुद्ध प्रतिपिंडं तयार, ती वाहकाला वाटेतच गाठतात. अनेकांत ती लहानपणीच्या नैसर्गिक संसर्गामुळे पहिल्या मात्रेआधीच असतात. कात्री उत्तम, पण पोचवणारी गाडी चुकीच्या गावाला जाते.

म्हणून आता भर वाहकावर आहे. मेलबर्नच्या गटाने २०२५ मध्ये मेदकणांची (चरबीच्या सूक्ष्म कणांची) नवी घडण दाखवली. ती झोपलेल्या टी पेशींना न उठवता आत आरएनए पोचवते. त्यातून टॅट या विषाणूच्याच प्रथिनाचा आरएनए दिला तर दडलेला विषाणू जागा झाला. हे सगळं रुग्णांकडून घेतलेल्या पेशींवर, शरीराबाहेर. पण याआधी झोपलेल्या टी पेशीत मेदकणाने काही घालणं फार अवघड जात होतं.

अवांतर: "डीएनए इतके टक्के घटला" असं वाचलं की कोणत्या चाचणीने ते आधी बघा. विषाणूचे ९० टक्क्यांहून जास्त डीएनए तुकडे मोडकेच असतात, त्यांतून काही निघत नाही. साधी पीसीआर मोडके आणि अखंड दोन्ही मोजते. अखंडतेची चाचणी एकाच तुकड्यावर दोन लांबच्या जागा, पॅकेजिंग संकेत आणि एन्व्ह (आवरण-प्रथिनाचं जनुक), एकत्र शाबूत आहेत का ते बघते. सगळे मोडके तसेच राहिले आणि अखंड तेवढे गेले, तर जुन्या चाचणीला काहीच दिसणार नाही. उलटंही होतं.

---

उपरणे

कार-टी बद्दल थोडक्यात. बी पेशींच्या ल्युकेमियात पेशीवर सीडी१९ या प्रथिनाची पाटी बहुधा लटकलेली असते. एआरटी घेणाऱ्याच्या साठ्यातली पेशी बाहेर काहीच दाखवत नाही, विषाणूचं आवरण-प्रथिन पृष्ठभागावर आलेलंच नसतं. शिकारीला भक्ष्य दिसत नाही. आणि कार-टी पेशी वाढायलाही भक्ष्याची भेट लागते, ती झाली नाही तर त्यांची संख्याच चढत नाही.

१९९० च्या दशकात सीडी४ चा बाहेरचा भाग वापरून कार बनवले होते. त्या पेशी काही रुग्णांत दहा वर्षांहून जास्त टिकल्या, कर्करोगही झाला नाही. टिकाऊपणाबद्दलची आजची बरीच खात्री तिथून आली आहे. साठा मात्र हलला नाही. शिवाय सीडी४ चाच आकडा लावलेली मारक पेशी स्वतः विषाणूला दार उघडून देते. आताच्या रचनांत म्हणून सी४६ हे शिरकाव रोखणारं पेप्टाइड जोडतात किंवा त्याच पेशीत सीसीआर५ कापतात. दुसरी अडचण जागेची. बराच विषाणू लसीका ग्रंथीतल्या बी पेशींच्या पुंजक्यांत असतो, तिथे मारक टी पेशी सहसा जात नाहीत. कार-टी पेशींना सीएक्ससीआर५ हा त्या पुंजक्यांकडे नेणारा रिसेप्टर जोडून त्यांना तिकडे वळवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

करणाऱ्यांसाठी दोन खाचखळगे. एक: कारचं जनुक घालणारा लेंटिव्हायरस वाहक हा एचआयव्हीचाच पाळीव भाऊ. रुग्णाच्या गोळ्यांतली रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आणि इंटिग्रेज रोधकं त्यालाही अडवतात. पेशींत औषध उरलं की जनुक घुसण्याचं प्रमाण पडतं आणि दोष वाहकाला दिला जातो. दोन: पेशी बाहेर वाढवायला चेतवल्या की त्यांतला दडलेला विषाणू उठतो आणि अख्खी पिशवी बाधित होऊ शकते. म्हणून माध्यमात एआरटी हवीच. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, त्यामुळे आधी नीट धुऊन वाहक घालायचा आणि मग औषध, असा क्रम ठेवावा. औषधही शक्यतो शिरकाव रोखणारं निवडावं, म्हणजे वाहकाला त्रास होत नाही. बहुतेक वाहकांवर एचआयव्हीचं आवरण नसतंच.

---

नाडीपरीक्षा

गोळ्या थांबवून बघण्याच्या टप्प्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून भर घालतो. रक्तात विषाणू न दिसणं आणि गोळ्यांशिवाय न दिसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक असल्याने चाचणीत हा टप्पा टळत नाही. सुरुवातीला दर आठवड्याला व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण), एक-दोन आठवड्यांनी सीडी४. गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या ते आधी कागदावर ठरलेलं असतं: बहुतेक योजनांत व्हायरल लोड सलग चार आठवडे १,००० च्या वर, किंवा सीडी४ ३५० च्या खाली, किंवा लक्षणं, किंवा रुग्णाने स्वतः मागणं. लवकर सुरू केल्या तर विषाणू पुन्हा दबतो. या काळात जोडीदाराला संसर्ग होऊ शकतो, "न दिसणारा म्हणजे न पसरणारा" हा नियम इथे लागू नाही. जोडीदारासाठी प्रेप (संसर्ग टाळायला आधीच घ्यायचं औषध) आधीपासून सुरू हवं. ब गटाची कावीळ सोबत असेल तर टेनोफोव्हिर अचानक थांबवल्याने यकृत भडकतं, अशांना सहसा घेत नाहीत.

सीसीआर५ नसल्याचे तोटे: वेस्ट नाइल विषाणूचा संसर्ग झाला तर आजार जास्त गंभीर होण्याची शक्यता वाढते. अशी माणसं लवकर मरतात असा २०१९ चा एक निबंध खूप गाजला होता, तो त्याच वर्षी मागे घेतला गेला. अजूनही लोक तो उद्धृत करतात.

---

चतकोर

एक शेवटची शंका. लेंटिव्हायरस वाहकाच्या पेशी घेतलेल्या माणसाची एचआयव्ही चाचणी कशी येते? त्यात विषाणूचे तुकडे असतातच ना?

---

उपरणे

असतात, आणि घोळ होतो. न्यूक्लिक आम्ल चाचणी ज्या पट्ट्यावर बेतलेली आहे तो वाहकातही असेल तर एचआयव्ही नसलेला माणूसही पॉझिटिव्ह दिसतो. मान्यताप्राप्त कार-टी उपचारांच्या माहितीपत्रकांतही तशी सूचना असते. प्रतिपिंड चाचणीला हा त्रास नाही, वाहक विषाणूची प्रथिनं बनवत नाही. ज्याला खरोखर एचआयव्ही आहे त्याच्यात पोल (विषाणूचं आणखी एक जनुक) किंवा एन्व्हमधली, वाहकात नसलेली जागा मोजणारी चाचणी घ्यायची, आणि कोणत्या वाहकात कोणता पट्टा आहे ते बनवणाऱ्याकडून आधीच लिहून घ्यायचं. पेशी दिल्यानंतर शोधत बसलं तर उसळी कोणती आणि वाहक कोणता हे वेगळं करायला आठवडे जातात.